मध्यमवर्गीयाची भिंत

१

नवीन पनवेलांत कोणाकडून घरभरणीचें बोलावणें आलें म्हणजे तेथें काय पाहावयास मिळणार हें आतां मला घरांतून निघण्यापूर्वींच सांगतां येतें. दारावर तोरण, आंत शिरतांच कांचेचें कपाट व त्यांत मुलांच्या बक्षिसांचे पेले, एका भिंतीवर दूरदर्शनसंचाची काळी पाटी, आणि समोरच्या भिंतीवर, सोफ्याच्या बरोबर वर, तीन किंवा पांच तुकड्यांत कापलेलें एक यंत्रमुद्रित दृश्य. कधीं तें धांवणाऱ्या सात घोड्यांचें असतें, कधीं ध्यानस्थ बुद्धाचें, कधीं परदेशांतील पानगळीच्या अरण्याचें. घरधनी मोठ्या हौसेनें फरशीचा दर सांगतो, ओट्याचा दगड कोठून आणला तें सांगतो, खिडकींतून कर्नाळ्याचा सुळका कोणत्या ऋतूंत दिसतो तेंहि सांगतो. चित्राविषयीं मात्र तो कांहीं बोलत नाहीं. तें कोणीं काढलें हें त्यास ठाऊक नसतें. किंबहुना, तें एका माणसानें एका दिवशीं बसून काढलेलें असावयास पाहिजे, ही कल्पनाच त्याच्या मनास शिवलेली नसते.

हा घरधनी अरसिक आहे असें म्हणण्याची सोय नाहीं. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहांत नवें नाटक आलें कीं तो सहकुटुंब जातो. दिवाळीस दोनतीन अंक विकत घेतो. गाण्याच्या मैफलींत दाद कोठें द्यावी आणि कोठें गप्प बसावें हें त्यास कळतें. कवितेविषयीं त्याचीं मतें आहेत व तीं तो भांडून मांडतो. ज्या वर्गानें नाटक, संगीत आणि वाङ्मय यांस शंभर-सव्वाशें वर्षें आश्रय दिला, त्याच्या भिंतीवर हयात चित्रकाराच्या हातचें एकहि चित्र कां नसावें? हा प्रश्न घर सजविणाऱ्या कारागिरांवर सोंपवून भागणार नाहीं. तो अभिरुचीचा प्रश्न आहे, आणि म्हणून टीकाकारास त्याचा विचार करणें प्राप्त आहे.

२

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या भिंती नेहमींच अशा नव्हत्या. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला. पुढें तो लोणावळ्याच्या पलीकडे मळवली येथें गेला. पनवेलाहून बोरघाट चढून वर गेलें कीं तें ठिकाण फारसें दूर नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानें तो विकत घेतला आणि १९७२ सालीं आगींत तो नष्ट झाला. या कारखान्यांतून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांच्या छापील प्रति कोंकणांतल्या व देशावरच्या घरोघर पोंचल्या. आज आपण त्यांच्याकडे जुनी, भाविक वस्तु म्हणून पाहतों. परंतु ज्या वर्षीं त्या विकत घेतल्या गेल्या त्या वर्षीं रविवर्मा हयात होते, भर कीर्तींत होते, आणि त्यांची रीति अगदीं नवी होती. म्हणजे आपल्या पणजोबांनीं तेव्हां जें घरीं आणलें तें त्या काळचें समकालीन चित्रच होतें.

हीच परंपरा पुढें मासिकांच्या मुखपृष्ठांनीं चालविली. मडगांवीं १९१६ सालीं जन्मलेल्या दीनानाथ दलालांनीं १९४५ पासून ‘दीपावली’ मासिक चालविलें. त्यांनीं रंगविलेलीं मुखपृष्ठें लोकांनीं जपून ठेविलीं, कापून चौकटींत घातलीं. ज्यास कलादालन ठाऊक नव्हतें त्याच्याहि दारीं अशा रीतीनें एका जिवंत हाताची रेषा वर्षानुवर्षें येत राहिली.

या परंपरेचे उपकार मोठे आहेत, पण तिनें एक खोडहि लावून ठेविली. रविवर्म्याच्या प्रतीस घरांत जागा मिळाली ती प्रथम देवतेची म्हणून व कथेची म्हणून. शकुंतला पायांत रुतलेला कांटा काढण्याच्या मिषानें मागें वळून कां पाहते, हें ज्यास माहीत होतें त्यास चित्र कळलें असें वाटे. चित्र म्हणजे कशाचें तरी चित्र. तें ‘कशाचें’ हें ओळखलें कीं पाहण्याचें काम संपलें. पुढें जेव्हां चित्रकारानें कथा सांगावयाचें सोडलें तेव्हां हा प्रेक्षक ओळखीचा दुवा शोधूं लागला, तो सांपडेना, आणि त्यानें नम्रपणें म्हटलें, “यांतलें आम्हांला कांहीं कळत नाहीं.” हा नम्रपणा गेलीं पाऊणशें वर्षें आपल्या कामीं येत आहे.

३

१९४७ सालीं मुंबईंत सहा तरुणांनीं आपला स्वतंत्र गट स्थापिला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. हुसेन पंढरपूरचे, गाडे विदर्भाचे. थोड्याच काळानें त्यांच्यांत मिसळलेले वासुदेव गायतोंडे नागपुरास जन्मले व गिरगांवांतल्या चाळींत वाढले. हे सर्व आपल्याच रस्त्यांवरून चालत होते. आरा तर घरगडी म्हणून काम करीत, मोटारी धूत. त्यांचें पहिलें प्रदर्शन १९४२ सालीं भरलें. या मंडळींचीं चित्रें प्रथम विकत कोणीं घेतलीं? व्हिएन्नाहून निर्वासित होऊन आलेले श्लेसिंजर, जर्मनीहून आलेले टीकाकार रूडी फॉन लायडन, ऑस्ट्रियाचे चित्रकार लँगहॅमर, यांच्या भोंवतीं तो पहिला रसिकवर्ग जमला. चौकटींचा धंदा करणाऱ्या केकू गांधींनीं आपल्या दुकानांत तरुणांचीं चित्रें मांडलीं व १९६३ सालीं जहांगीर कलादालनाच्या वरच्या मजल्यावर स्वतःचें दालन उघडलें. डॉ. होमी भाभांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठीं वेंचून चित्रें घेतलीं. हिशेबतपासनीस व कापसाचे व्यापारी असलेल्या जहांगीर निकल्सन यांनीं वयाची पन्नाशी उलटल्यावर संग्रहास आरंभ केला आणि सुमारें ८०० कृति मागें ठेविल्या. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत २०११ पासून त्यांतील कांहीं ना कांहीं आपणांस पाहावयास मिळतें.

या यादींत मराठी पांढरपेशा शोधूनहि सांपडत नाहीं. त्याच्या बाजूनें एक उत्तर नेहमीं दिलें जातें, आणि तें सर्वस्वीं खोटें नाहीं. दोन खोल्यांच्या चाळींत सात माणसें, एका भिंतीस फळी, दुसरीस खुंट्या, तिसरीस देव्हारा, चौथींत दार: चित्र टांगावें कोठें? गायतोंडे ज्या चाळींत वाढले तेथेंच गायतोंड्यांचें चित्र लागलें नसतें. त्या पिढीवर ठपका ठेवण्याचा अधिकार मला नाहीं.

परंतु हें उत्तर आपणांस लागू पडत नाहीं. सिडकोनें १९७० नंतर खाडीच्या या बाजूस आंखून दिलेल्या वसाहतींत आपण राहतों. आपणांस भिंती मिळाल्या, आणि त्यांवर लावावयाची वस्तु विकत घेण्याइतके पैसेहि मिळाले. पनवेलाहून हार्बरच्या गाडीनें मुंबईस पोंचण्यास सुमारें ऐंशी मिनिटें लागतात व तेथून कलादालनापर्यंत पायीं जातां येतें. जहांगीर कलादालन १९५२ पासून उघडें आहे, आणि आंत जाण्यास पैसे पडत नाहींत. प्रभाकर बरवे १९३६ सालीं याच रायगड जिल्ह्यांत, तेव्हांच्या कुलाब्यांत, नागांव येथें जन्मले. त्यांचें ‘कोरा कॅनव्हास’ हें पुस्तक १९९० सालीं निघालें. तें वाचलेले व त्यावर बोलणारे वाचक मला पुष्कळ भेटले आहेत. बरव्यांचें एखादें चित्र ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, असे मात्र बोटांवर मोजण्याइतके. चित्रावरचें पुस्तक आम्ही वाचतों. चित्र आम्हांला अवघड जातें. आमचा कान आणि आमची जीभ शिकली, डोळा शिकावयाचा राहिला, असेंच यावरून म्हणावें लागतें.

४

दुसऱ्यांविषयीं एवढें लिहिल्यावर स्वतःविषयीं लिहिणें भाग आहे.

माझ्या वर्गांत इंग्रजी कविता शिकलेला एक विद्यार्थी पुढें मुंबईस चित्रकला शिकावयास गेला. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें व त्याच्या दोन मित्रांनीं एका लहान सभागृहांत प्रदर्शन भरविलें आणि मला आवर्जून बोलाविलें. मी गेलों. त्यांत एक काष्ठछाप होता, हातभर रुंदीचा, काळा आणि पांढरा. विषय म्हटलें तर मिठागराचा: भरतीचें पाणी आडवून केलेले खाडीकांठचे ते चौकोन. पण त्यांत ना माणूस, ना मिठाची रास, ना आकाश. नऊ पांढरे आयत. त्यांच्यामधून जाणारे बांध काळे, आणि त्या काळ्यांत लांकडाच्या शिरा उमटलेल्या. प्रथम वाटलें, कोणी वही आंखून ठेवली आहे. थोडा वेळ उभें राहिल्यावर ध्यानांत आलें कीं कोणतेहि दोन आयत सारखे नाहींत, एकाचा कोपरा खचला आहे, आणि उजवीकडच्या शेवटच्या आयतांत कागदाचा पांढरेपणा इतर आठांहून अधिक वाटतो. त्यानें तेथें वेगळें कांहीं केलेलें नव्हतें. भोंवतालचा बांध तेवढा अधिक जाड ठेवला होता. मिठागर ज्यानें रोज गाडींतून पाहिलें आहे त्यास ठाऊक असतें कीं पाणी आटत आलें म्हणजे एखादाच चौकोन असा डोळे दिपवितो. मीं ती जागा वीस वर्षें गाडीच्या खिडकींतून पाहिली होती. पाहिली असें मला वाटत होतें.

किंमत ४,५०० रुपये लिहिली होती. पंधरा प्रति काढण्याचा संकल्प होता व तसे आंकडे पेन्सिलीनें घातलेले होते. मीं चहा घेतला. अभिप्रायाच्या वहींत सहा ओळी लिहिल्या. त्या चांगल्या उतरल्या, असें लिहितांनाच मला वाटलें. त्यानें त्या वाचल्या आणि म्हणाला, “सर, फार छान लिहिलंत.” मी घरीं आलों. त्याच आठवड्यांत आम्हीं दिवाणखान्याचे पडदे बदलले, आणि त्यांस ४,५०० रुपयांहून अधिक लागले.

अभिप्रायाची वही ही आपल्या वर्गाची खरी कलाविषयक कृति आहे, असें मला तेव्हांपासून वाटूं लागलें आहे. कोणत्याहि प्रदर्शनांत ती उघडून पाहावी. किती सुंदर भाषा, किती शुभेच्छा! नाटकास आपण तिकीट काढून जातों आणि मग मत देतों. येथें मत देऊन तिकिटांतून सुटतों. चित्रकारास ती वही परत नेतां येते, पण तिच्यावर त्यास कागद, शाई वा लांकूड मिळत नाहीं.

५

पैशाची गोष्ट निघाली म्हणून तिची दुसरी बाजूहि पाहूं. वर्तमानपत्रांत चित्रकला येते ती बहुधा लिलावाच्या बातमीनें. गायतोंडे २००१ सालीं वारले. २०१३ सालीं मुंबईच्या लिलावांत त्यांच्या एका चित्रास २३ कोटींहून अधिक किंमत आली. हुसेन यांचें १९५४ सालचें ‘ग्रामयात्रा’ हें चित्र २०२५ च्या मार्चमध्यें न्यूयॉर्क येथें सुमारें १ कोटी ३७ लाख डॉलरांस गेलें. हें वाचून वाचक दोनच अनुमानें काढतो: चित्र हें आपल्या ऐपतीबाहेरचें आहे, किंवा चित्र ही जमिनीसारखी घेऊन ठेवण्याची वस्तु आहे. दोन्ही अनुमानें चुकीचीं आहेत.

‘ग्रामयात्रे’ची हकीकतच तें दाखविते. तें चित्र १९५४ सालीं दिल्लीस कामानिमित्त आलेल्या व्होलोदार्स्की नांवाच्या एका डॉक्टरानें घेतलें, नॉर्वेस नेलें, आणि पुढें तें ऑस्लो येथील रुग्णालयास दिलें. चाळिशीच्या आंतील एका चित्रकाराचें जवळजवळ चौदा फूट लांबीचें चित्र त्यानें घेतलें तें तें आवडलें म्हणून. सत्तर वर्षांनंतरचा भाव त्यास कोण सांगणार होतें? जो भावासाठीं घेतो तो चित्राकडे पाहत नाहीं, बाजाराकडे पाहतो; आणि अशा शेंकडों खरेद्यांतून एखादीच फळास येते, बाकीच्या अडगळींत जातात. या व्यवहारांत चित्रकाराचें काय? आपल्या प्रताधिकाराच्या कायद्यांत मूळ चित्राची पुनर्विक्री १०,००० रुपयांहून अधिकास झाल्यास त्या किमतींत हिस्सा मागण्याचा हक्क चित्रकारास दिला आहे, व तो हिस्सा शेंकडा दहांहून अधिक असूं शकत नाहीं. परंतु विक्रीच झाली नाहीं तर पुनर्विक्रीचा हक्क घेऊन तो काय करील?

चित्र ही श्रीमंतांची चीज आहे, हाहि समज इतिहासास धरून नाहीं. सतराव्या शतकांतील हॉलंडमध्यें साधा शेतकरीहि चित्रें विकत घेतो, याचें जॉन एव्हलिन या इंग्रज गृहस्थास १६४१ सालीं रॉटरडॅमच्या जत्रेंत नवल वाटलें आणि त्यानें तें आपल्या रोजनिशींत टिपून ठेविलें. डेल्फ्ट येथें व्हर्मीरचें चित्र पाहावयास आलेल्या एका फ्रेंच प्रवाशास १६६३ सालीं तें दिसलें एका पाववाल्याच्या घरीं; आणि व्हर्मीर निवर्तल्यावर थकलेल्या पावाच्या देण्यापोटीं त्याच्या पत्नीनें दोन चित्रें पाववाल्याकडेच ठेविलीं. आपल्या काळांतलें उदाहरण हवें असल्यास न्यूयॉर्कचे हर्बर्ट व डॉरोथी व्होगेल हें दांपत्य पाहावें. तो टपालखात्यांत कारकून, ती ग्रंथालयांत. एकीच्या पगारावर घर चालवावें, दुसऱ्याच्या पगारावर चित्रें घ्यावीं. जें परवडेल आणि जें आपल्या लहान बिऱ्हाडांत मावेल तेंच घ्यावें, एवढेच त्यांचे नियम. या नियमांनीं त्यांनीं ४,००० हून अधिक कृति जमविल्या आणि १९९२ पासून तो संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे सोंपविला. पैसे होतील म्हणून त्यांनीं कांहीं विकलें नाहीं. एका शयनगृहाचें घर आणि दरमहाचा पगार, ही नवीन पनवेलची वर्णनें आहेत. व्होगेल दांपत्य आमच्या इमारतींत सहज खपलें असतें.

६

मग चित्र शोधावें कसें व निवडावें कसें? येथें मी कांहीं नियम सांगतों असें नाहीं. अनुभवानें जें सुचलें तें मांडतों.

पहिली गोष्ट म्हणजे पाहणें, आणि तेंहि कांहीं काळ कांहीं न घेतां. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचें वार्षिक प्रदर्शन, जे. जे. कलाशाळेंतील विद्यार्थ्यांचें प्रदर्शन, जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथवर बसणारे चित्रकार, काळा घोड्याचा महोत्सव: वर्षभर एवढें पाहिलें तरी डोळ्यास तुलना करण्याची संवय लागते. एखाद्या चित्रापुढें उभें राहून तें आवडलें असें वाटलें कीं तें सोडून पुढें जावें, सारें पाहावें आणि परत यावें. दुसऱ्या खेपेस त्यांत पहिल्या खेपेस न दिसलेलें कांहीं दिसलें तर तें घरीं नेण्याच्या योग्यतेचें. पहिल्या खेपेसच जें सर्व सांगून टाकतें तें वर्षभर भिंतीवर काय बोलणार? चांगलें पुस्तक दुसऱ्यांदां वाचतां येतें ही कसोटी आपण वाङ्मयास लावतोंच. चित्रास ती अधिकच कडकपणें लावली पाहिजे, कारण पुस्तक मिटून ठेवतां येतें.

दुसरी गोष्ट, सोफ्याचा रंग विसरावा. मीं एकदां अशा वस्तूंच्या दुकानांत चौकशी केली असतां विक्रेत्यानें पहिला प्रश्न विचारला, “साहेब, सोफा कोणत्या रंगाचा?” सोफा आठ-दहा वर्षांनीं जातो. चित्र राहतें, आणि मुलें त्याच्याखालीं लहानाचीं मोठीं होतात.

तिसरी गोष्ट, आरंभ कागदापासून करावा. काष्ठछाप, शिळाछाप, अम्लानें कोरलेल्या पत्र्यावरचे ठसे, पेन्सिलीचीं व शाईचीं रेखाटनें, जलरंग यांच्या किमती तैलचित्रांच्या मानानें पुष्कळ कमी असतात, आणि हात त्यांत तितकाच खरा असतो. ठशाच्या खालीं चित्रकाराची सही व ‘४/१५’ असा आंकडा असतो. त्याचा अर्थ पंधरांपैकीं चौथी प्रत. छापखान्यांतून निघालेल्या रंगीत नकलेस असा आंकडा घातला म्हणून ती मूळ ठसा होत नाहीं. हा फरक विचारून घ्यावा, विचारण्यांत लाज मानूं नये. चित्रासोबत त्याचें नांव, वर्ष व साहित्य लिहिलेली पावती मागावी. चित्र विकत घेतलें म्हणजे तें छापण्याचा हक्क विकत घेतला असें होत नाहीं, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

चौथी गोष्ट खास आमच्या पावसाची. बाहेरच्या भिंतीस श्रावणांत ओल येते; तिच्यावर कागदावरचें चित्र लावूं नये. कांच कागदास टेंकूं देऊं नये, मध्यें पुठ्ठ्याची कड असावी व तो पुठ्ठा आम्लरहित असावा, नाहींतर कांहीं वर्षांत कागदावर तपकिरी डाग पडतात. समोरून ऊन येत असेल तर तीहि भिंत वर्ज्य. चौकटीच्या मागें वारा खेळावा म्हणून दोन लहान बुचें लावलीं कीं बुरशीचें भय पुष्कळ कमी होतें.

आणि वारली चित्रांविषयीं एक शब्द, कारण चादरीपासून चहाच्या पेल्यापर्यंत तीं आपल्याकडे सर्वत्र छापलीं जातात. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सत्तरच्या दशकाच्या आरंभीं वारल्यांच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले. त्यांतून जिव्या सोमा मशे यांची कला जगास कळली. मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली व २०१८ सालीं ते निवर्तले. ती हयात माणसांची कला आहे. पेल्यावरची नक्षी घेऊन आपण त्यांतल्या कोणासहि कांहीं दिलेलें नसतें. पाड्यावर बसून काढलेलें, काढणाराचें नांव असलेलें एक चित्र घेणें ही निराळी गोष्ट आहे.

७

सारा दोष घेणाऱ्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. कलादालनाचें कांचेचें दार ढकलतांना मध्यमवर्गीय माणूस बिचकतो, आणि आंत त्याचें स्वागतहि तसेंच होतें. किमती लिहिलेल्या नसतात. विचारल्यावर विचारणाराकडे निरखून पाहिलें जातें. माहितीपत्रक बहुधा इंग्रजींत, आणि तेंहि अशा इंग्रजींत कीं तीस वर्षें इंग्रजी शिकवूनहि मला दुसऱ्या परिच्छेदाशीं थांबावें लागतें. चित्रकार स्वतःच्या कामाविषयीं साध्या मराठींत बोलूं लागला कीं किती सुरेख बोलतो, हें मीं ऐकलें आहे. तेंच तो छापतांना कां टाळतो हें कळत नाहीं.

आणि आम्हीं टीकाकारांनीं काय केलें? कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीवरहि आम्ही पानें भरतों. प्रदर्शनावर मराठी मासिकांतून येतें तें एक तर चित्रकाराचें चरित्र किंवा सौंदर्यशास्त्राचें प्रवचन. या चित्रांत काय दिसतें, तें कोठें साधलें, कोठें फसलें, हें वाचकास हातीं धरून दाखविणारा लेख विरळा. ज्यास पाहण्याचे शब्द मिळाले नाहींत तो ‘कळत नाहीं’ म्हणेल नाहीं तर काय म्हणेल? शकुंतलेच्या कांट्याची गोष्ट सांगण्यास घरांत आजी होती. नऊ पांढऱ्या आयतांची गोष्ट सांगण्याचें काम आमचें होतें.

८

त्या प्रदर्शनानंतर सुमारें दीड वर्षानें, मनांतून ते पांढरे आयत जाईनात म्हणून, मीं त्या विद्यार्थ्यास फोन केला. तो आतां एका कचेरींत संगणकावरच्या खेळांसाठीं दृश्यें रंगवितो. पगार चांगला आहे, लग्नहि झालें आहे. काष्ठछापाची प्रत आहे काय, असें मीं विचारलें. तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “आहे सर, एक आहे. पाठवून देतों. पैसे नकोत.” पैसे मीं दिले, तेवढें तरी करणें माझ्या हातीं होतें.

आज ती प्रत आमच्या आंतल्या भिंतीवर आहे. आमच्या घरीं प्रथम तें कोणास पसंत पडलें नाहीं. “यांत आहे काय?” असें सौ.नीं विचारलें, आणि त्या प्रश्नांत रविवर्म्याची सारी परंपरा होती. आतां सकाळीं चहा घेतांना त्या स्वतःच त्याच्यासमोर बसतात, आणि एक दिवस म्हणाल्या कीं उजवीकडचा चौकोन पावसाळ्यांत उजळ दिसतो. मलाहि तें रोज आवडतें असें नाहीं. कांहीं दिवस तें निव्वळ आंखलेला कागद वाटतें. पण तसें वाटण्यास तें भिंतीवर असावें लागतें.

प्रतीच्या खालीं ‘६/१५’ असा आंकडा आहे. बाकीच्या नऊ कोणाकडे गेल्या, असें मीं त्यास विचारलें होतें. त्यानें सांगितलें कीं त्या काढल्याच नाहींत. कोणीं मागितल्या नाहींत, आणि घर बदलतांना तो ठोकळा ठेवावयास जागा नव्हती. पंधरा प्रति ४,५०० रुपयांनीं गेल्या असत्या तर ६७,५०० रुपये झाले असते. तेवढ्यानें कोणाचा जन्म जात नाहीं हें मला समजतें. परंतु पुढचें लांकूड, पुढचा कागद आणि कदाचित् आणखी एक वर्ष त्यांतून निघालें असतें. त्यासाठीं पंधरा घरें पुरलीं असतीं. आमच्या एका इमारतींतच त्याहून अधिक घरें आहेत.